सोसायटीच्या वाचनालयातली पुस्तकं कशी लावायची

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना अलीकडे वाचनालयाची हौस आली आहे, आणि हौस चांगली आहे. क्लब हाऊसमध्ये दोन कपाटं मिळतात, व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो, बघता बघता चारशे-पाचशे पुस्तकं गोळा होतात. मग कुणीतरी मला फोन करतं, कारण नौपाड्यात राहणारी, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली बाई रविवारी मोकळीच असते असा एक समज आहे. मी पोचेपर्यंत उत्साही मंडळींनी पुस्तकं उंचीनुसार लावून टाकलेली असतात. एका ठिकाणी तर पाठींच्या रंगांनुसार लावली होती. फोटो सुरेख आला होता, हवं ते पुस्तक मात्र कुणालाच सापडत नव्हतं.

पुस्तकं लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. सारखी पुस्तकं एकत्र आणायची, हे गट पाडणं. मग एका गटातल्या पुस्तकांना मागेपुढे जागा द्यायची, हा क्रम. दोन्ही एकाच बैठकीत, एकाच सतरंजीवर करायला गेलात की भांडण ठरलेलं. ए विंगचे काका म्हणतात लेखकाच्या नावाने लावा, बी विंगच्या काकू म्हणतात विषयाने लावा. दोघांचंही बरोबर असतं, फक्त ते दोन निरनिराळ्या कामांबद्दल बोलत असतात. तेव्हा आधी गट पूर्ण करा, मग क्रमाला हात घाला.

त्याच्याही आधी काढून टाकायचं ते काढा. दान आलेल्या पुस्तकांत जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, पानं भरलेली गाइडं, बँकेच्या डायऱ्या, कुणाच्या तरी एकसष्टीचे गौरवग्रंथ हमखास असतात. हे सगळं रद्दीत. "कुणाला तरी उपयोग होईल" हे वाक्य त्या दिवसापुरतं बंद ठेवा. कसर लागलेलं किंवा ओल धरलेलं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी इतरांजवळ ठेवू नका. वाळवीची जरा जरी शंका आली तरी ते पुस्तक बाहेरच. ओलसर पुस्तक पानं पसरून सावलीत, पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात टाकलंत तर पानं पिवळी पडतात आणि पुठ्ठा वाकतो. आपल्याकडे पाऊस म्हणजे चार महिने, आणि क्लब हाऊस बहुधा तळमजल्यावर. त्यामुळे कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून घ्या, आणि ज्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे ती भिंत तर टाळाच.

उरलेल्या पुस्तकांची नोंद, आणि ती गट पाडण्याआधी. एक जाड रजिस्टर आणा, त्याला आम्ही दाखल नोंदवही म्हणतो. अनुक्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, किंमत, कुणी दिलं, एवढे रकाने पुरतात. हा दाखल क्रमांक म्हणजे त्या पुस्तकाचा जन्माचा नंबर. पुस्तक हरवलं, फाटलं, रद्दीत गेलं तरी तो नंबर दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. नंबर आणि सोसायटीचा शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर येतोच, पण आणखी एका ठरलेल्या पानावरही मारा. ग्रंथालयात त्याला गुप्त पान म्हणतात. प्रत्येक पुस्तकाचं सतरावं पान, असं काहीतरी ठरवून घ्या. पहिलं पान फाडून पुस्तक आपलंच म्हणणारे लोक चांगल्या सोसायट्यांतही राहतात.

आता गट. इथे लोक इंटरनेटवरून ड्यूईचे आकडे शोधून आणतात आणि मला दाखवतात, म्हणून ते काय आहे ते सांगते. मेल्विल ड्यूई या अमेरिकन माणसाने १८७६ साली, स्वतःचं नावही न घालता, एक ४४ पानांची पुस्तिका छापली. सगळं ज्ञान दहा वर्गांत, प्रत्येक वर्गाचे दहा भाग, प्रत्येक भागाचे पुन्हा दहा, अशी हजार घरं. त्याचा खरा उपकार दशांशात नाही. तोपर्यंत बहुतेक ग्रंथालयांत पुस्तकाचा नंबर कपाटाला बांधलेला असे, अमुक कपाट, अमुक फळी, डावीकडून सातवं. नवीन पुस्तकं आली की सगळे नंबर खोटे. ड्यूईने नंबर पुस्तकाला दिला, पुस्तकाच्या शेजाऱ्यांच्या मानाने. तुम्ही आकडे वापरू नका, पण ही गोष्ट उचला: 'कपाट २, खण ३' असं कोणत्याही पुस्तकावर लिहू नका. क्लब हाऊसचं रंगकाम निघालं की कपाटं हलणारच आहेत.

आकडे का नकोत? ड्यूईच्या पद्धतीत मराठी कादंबरीला ८९१.४६३ हा क्रमांक आहे. तुमच्या कपाटातली निम्मी पुस्तकं मराठी कादंबऱ्याच असणार. म्हणजे निम्म्या कपाटावर एकच नंबर. धर्माच्या वर्गात त्याने दहापैकी सात भाग ख्रिस्ती धर्माला दिले आणि बाकी साऱ्या जगाचे धर्म शेवटच्या एका भागात बसवले. त्याच्या गावातली कपाटं तशीच असतील. आपल्याकडे संतसाहित्य, स्तोत्रं, व्रतवैकल्यं, प्रवचनं यांनीच दोन खण भरतात, तिथे तो हिशेब कसा चालायचा?

मी वेगळी रीत वापरते. नोंदी चालू असतात तेव्हा लोक येऊन डोकावतात आणि काहीतरी मागतात. ते मागणं जसंच्या तसं एका कागदावर लिहून घ्यायचं. "भुताटकीचं काही आहे का?" "सासूबाईंना मोठ्या अक्षरांतलं हवंय." "लेकीच्या स्कॉलरशिपसाठी काही मिळेल?" "हलकंफुलकं द्या हो, ट्रेनमध्ये वाचायला." दोन रविवारांत कागद भरतो, आणि तोच तुमच्या गटांचा पहिला खर्डा. वाचक ज्या नावाने मागतो ते गटाचं नाव. 'ललित गद्य' अशी पाटी लावलीत तर ग्रंथपालाला बरं वाटेल, ट्रेनवाल्या बाई ती वाचून पुढे जातील. 'विनोदी आणि हलकंफुलकं' लिहा.

भाषा मात्र आधी वेगळ्या करायच्या. घोडबंदरच्या सोसायटीत मराठी, इंग्रजी, हिंदी, गुजराती चारही येतात. मराठीत मग कादंबऱ्या, कथा, विनोदी, कविता-नाटक, चरित्रं, इतिहास-प्रवास, अध्यात्म, आणि 'घर' म्हणून एक गट, ज्यात पाककृती, आरोग्य, बागकाम, शिवण सगळं. भयकथा-रहस्यकथांना वेगळा खण द्या, त्या सगळ्यात जास्त फिरतात. मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांना एक फळी, आणि ती डोळ्यांच्या उंचीवर. ज्यांना ती हवी त्यांना वाकता येत नाही आणि टाचा उंचावताही येत नाहीत. एवढ्या पुस्तकांना दहा-बारा गटांपुढे जाऊ नका. पाच पुस्तकांचा गट म्हणजे गट नाही.

'इतर' नावाची फळी ठेवावी का? ठेवा, पण अर्धीच. घरातला तो एक ड्रॉवर आठवा, ज्यात सेलोटेप, मेणबत्त्या, जुनी चार्जरं आणि लग्नपत्रिका एकत्र नांदतात. 'इतर' मोकळं सोडलं की त्याचं तेच होतं. अर्धी फळी भरली की ती उतरवून बघा. त्यात सात-आठ पुस्तकं एकाच जातीची निघाली तर त्यांना गट द्या. शेअर बाजाराची पुस्तकं मला नेहमी अशी 'इतर'मध्ये दडलेली सापडतात.

खरी पंचाईत दोन गटांत बसणाऱ्या पुस्तकाची. समजा, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीवरचं पुस्तक आलं. ते इतिहास का रेल्वे का ठाणे? शियाली रामामृत रंगनाथन यांनी याच प्रश्नावर आयुष्य घालवलं. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, आणि त्यांतून हवी ती वस्तू. तसं पुस्तकाचा विषयही सुट्या भागांतून जोडायचा: कशाबद्दल, काय घडतंय, कुठे, केव्हा. ते भाग विरामचिन्हांनी जोडायचे. १९३३ साली ती पद्धत प्रसिद्ध झाली आणि त्यातल्या कोलनच्या चिन्हावरून तिला कोलन वर्गीकरण हे नाव पडलं. परीक्षेला ते घोकताना आमची दमछाक झाली होती, पण त्यांचं मूळ म्हणणं साधं आहे. पुस्तकाला अनेक बाजू असतात, आणि लाकडी फळीवर मात्र ते एकाच जागी उभं राहू शकतं.

म्हणून फळीसाठी एक बाजू निवडा, बाकीच्या यादीत लिहा. निवडताना विचारायचं, हे पुस्तक मागायला येणारा माणूस आधी कुठे जाईल? रेल्वेचं ते पुस्तक मी 'आपलं ठाणे' या गटात ठेवते. हो, हा गट मी प्रत्येक ठिकाणी करायला लावते. शिलाहार राजांचं श्रीस्थानक, म्हणजे जुनं ठाणे, तळावपाळी, खाडी, येऊरचे पक्षी, रेल्वे, सगळं एका फळीवर. घोडबंदरला राहायला आलेले निम्मे लोक बाहेरून आलेले असतात. आपण राहतो ते गाव काय आहे हे त्यांना एकाच जागी हाताला लागलं पाहिजे. शास्त्राला धरून आहे का? नाही. पण ही फळी वाचली जाते.

असेच आणखी दोन निर्णय आधी घेऊन ठेवा. चरित्र कुणी लिहिलं याला महत्त्व नाही, कुणाचं आहे याला आहे. टिळकांची चार लेखकांनी लिहिलेली चार चरित्रं 'टिळक' इथेच शेजारी-शेजारी आली पाहिजेत. आत्मचरित्रंही त्यातच मिसळा. दुसरं, अनुवाद. शास्त्रानुसार बंगालीतून मराठीत आलेली कादंबरी बंगाली साहित्यात जाते. आपल्याला ते नको, वाचणारी काकू मराठी कादंबरी शोधत्येय, तिथेच ठेवा. जो निर्णय घ्याल तो रजिस्टरच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी समिती बदलते, नवे लोक येतात आणि पुन्हा पहिल्यापासून वाद घालतात. ते पान दाखवायचं.

गट झाले की क्रम. कथा-कादंबऱ्या आडनावाने, अकारविल्हे, म्हणजे वर्णमालेच्या क्रमाने. ऐकायला सोपं वाटतं, पण करायला बसलं की एकेक निघतं.

डॉ., प्रा., श्री., ह.भ.प. हे सगळं विसरायचं. आडनाव आधी, मग आद्याक्षरं. टोपणनावांचं काय? पुस्तकावर जे छापलंय ते. वि. वा. शिरवाडकरांच्या कविता कुसुमाग्रज या नावाने आहेत आणि नाटकं शिरवाडकर या नावाने, तेव्हा कविता 'क'मध्ये आणि नाटकं 'श'मध्ये. त्यांना ओढून एकत्र आणू नका, दोन्हीकडे पुठ्ठ्याची एकेक चिठ्ठी उभी करा: 'शिरवाडकर, वि. वा. हेही पाहा' आणि उलट. मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर या एकच बाई, हे आजच्या किती वाचकांना ठाऊक असेल? ती चिठ्ठी नसेल तर 'श'मध्ये शोधणाऱ्याला 'ब'मधली पुस्तकं कधीच दिसणार नाहीत.

मग अक्षरांचा प्रश्न. क्षीरसागर कुठे? काही शब्दकोश क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी ठेवतात, काही क आणि ज च्या पोटात घालतात. दोन्ही चालतं, एकदा ठरवा. मी क्ष शेवटी ठेवते, कारण शाळेत तसंच पाठ केलेलं असतं आणि वाचक तिथेच बघतो. ळ ने सुरू होणारं आडनाव मला अजून भेटलेलं नाही, पण आडनावाच्या मध्ये तो येतोच. काळे आणि कालेलकर यांत आधी कोण? वर्णमालेत ळ हा ह च्याही नंतर, म्हणून कालेलकर आधी, काळे मागाहून, आणि या दोघांच्या मध्ये कासार, काशीकर अशी बरीच मंडळी.

संगणकाला विचाराल तर तो वेगळंच सांगू शकतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर आहे आणि त्यात ळ हा ल च्या पाठोपाठ, व च्या आधी बसवला आहे. नुसत्या नंबरांवर चालणारा प्रोग्रॅम काळेंना कासारांच्या पुढे नेतो. ॲ या अक्षराचा नंबर तर सगळ्या व्यंजनांच्या नंतर येतो. शिवाय तेच ॲ कुणी एका कळीने टाइप करतं, कुणी अ वर चंद्र देऊन. डोळ्याला सारखं दिसतं, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तेव्हा यादी संगणकावर करा, जरूर करा, पण फळीवरचा क्रम माणसाने लावायचा.

यादी करणारा मुलगा प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो. त्याला तीन गोष्टी आधी सांगा. सॉर्टचं बटण फक्त क्रम लावतं, गट पाडायचे तर फिल्टर लावायचा आणि त्यासाठी गटाचा रकाना वेगळा हवा. एकच रकाना निवडून सॉर्ट केलं तर एक्सेल विचारतं, शेजारचे रकानेही घेऊ का? तिथे घाईत नाही म्हटलं की लेखक हलतात आणि पुस्तकं जागच्या जागी राहतात. एकाची कादंबरी दुसऱ्याच्या नावावर. आणि दाखल क्रमांक जर मजकूर म्हणून भरला असेल तर १ नंतर १०, मग १००, मग २ असा क्रम लागतो. आकडा म्हणून भरा, नाहीतर सगळीकडे ०००१ असे चार अंक ठेवा.

मुलांच्या पुस्तकांना यातलं काही लावू नका. सर्वांत खालचे खण त्यांचे, वयानुसार तीन रंगांच्या चिकटपट्ट्या, बस्स. आठ वर्षांच्या मुलाने पुस्तक अकारविल्हे परत ठेवावं ही अपेक्षा मी त्याच्या आजोबांकडूनही करत नाही. दिवाळी अंक आधी वर्षाने आणि मग नावाने लावा, आणि दोन वर्षांपलीकडचे ठेवू नका. ज्यांना जुने अंक किंवा एखादं दुर्मीळ पुस्तकच हवं असेल त्यांना ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात धाडा. ते १८९३ पासून चालू आहे, तुमच्या दोन कपाटांनी त्याच्याशी स्पर्धा करायची गरज नाही.

पाठीवरची चिठ्ठी तीन ओळींची: गटाचं अक्षर, लेखकाची पहिली दोन अक्षरं, दाखल क्रमांक. म्हणजे 'का / देश / ०२१४'. खालून दोन बोटं सोडून चिकटवा, सगळ्या एका रेषेत आल्या की चुकीच्या जागी घुसलेलं पुस्तक लांबूनही डोळ्यात भरतं. कागदाची चिठ्ठी डिंकाने लावून वरून रुंद पारदर्शक टेप मारा. नुसती सेलोटेप पहिल्या पावसाळ्यात सुटते आणि जाताना चिठ्ठी घेऊन जाते. फार उंच पुस्तकं आडवी कोंबू नका, त्यांना तळाशी वेगळी जागा द्या आणि त्यांच्या मूळ जागी 'मोठ्या आकारात पाहा' अशी चिठ्ठी ठेवा.

प्रत्येक फळीचा तिसरा हिस्सा रिकामा सोडा. हे सांगितलं की सेक्रेटरींच्या कपाळाला आठ्या पडतात, एवढी जागा वाया? पण पुस्तकं शेवटी येत नाहीत, मध्येच येतात. 'प'मध्ये चार नवीन आली आणि फळी गच्च असेल, तर 'प'पासून 'ह'पर्यंत सगळं सरकवत बसावं लागेल. ते काम कुणी करत नाही, ती चार पुस्तकं वर आडवी पडतात, आणि तिथून क्रम बिघडायला लागतो.

वाचकांनी पुस्तक स्वतः परत फळीवर ठेवायचं नाही. दाराशी एक टोपली ठेवा, 'परत आलेली' अशी पाटी लावून. सज्जन माणूस सुबक उभं करून जातो, पण चुकीच्या खणात, आणि चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. टोपली आठवड्यातून एकदा ज्याच्याकडे देवघेव आहे त्याने रिकामी करावी. मे महिन्यात मुलांना सुट्टी लागली की रजिस्टर घेऊन फळ्या तपासा. एकाने नंबर वाचायचा, दुसऱ्याने खूण करायची. मुलांना हे काम आवडतं, विशेषतः आईच्या नावावर थकलेलं पुस्तक सापडलं की.

त्याच वेळी दोन वर्षांत कुणीच न नेलेली पुस्तकं बाजूला काढा. आधी एक महिना ती टेबलावर, मुखपृष्ठ वर करून मांडून ठेवा, बरीचशी नुसती दिसली नाहीत म्हणून राहिलेली असतात. तरीही उरली तर 'घेऊन जा' म्हणून वाटून टाका, रजिस्टरमध्ये त्या ओळीवर लाल रेघ मारून तारीख घाला. ज्यांनी दान दिली त्यांना कळवायला जाऊ नका, ती परत आणून देतात.

आणि कपाटाची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. सेक्रेटरींच्या घरी ठेवलीत तर ते गावी गेले की वाचनालय बंद.